आजचं चिंतन: अदंभित्व आणि ब्लर केलेली भिंत



आजचा शब्द गीतेच्या तेराव्या अध्यायातला आहे. श्लोक ७ (काही प्रतींत हाच श्लोक ८ असतो, कारण त्यात सुरुवातीचा अर्जुनाचा प्रश्न मोजलेला असतो). भगवंत ज्ञानाची लक्षणं सांगायला लागतात, पहिलं अमानित्व येतं आणि त्याला लागूनच अदंभित्व. दंभ नसणं. जे नाही ते आहे असं भासवायचं नाही, आणि जे थोडंफार आहे ते मिरवायचं नाही.

गेले तीन आठवडे हा शब्द माझ्या डोक्यात फिरतोय. कारण ऐकून हसाल: व्हिडिओ कॉलवरचा बॅकग्राउंड ब्लर.

दर रविवारी सकाळी आमचा ज्ञानेश्वरीचा ऑनलाइन वर्ग असतो. तीसेक जण असतात. पुणे, ठाणे, नाशिक, आणि एक जोडपं न्यू जर्सीहून, त्यांच्याकडे तेव्हा शनिवारची रात्र असते. वर्गातल्या एका ज्येष्ठ काकांनी सुचवलं की यापुढे सगळ्यांनी कॅमेरा सुरू ठेवायचा, आणि ब्लर किंवा मागे चित्र वगैरे काही लावायचं नाही. "सत्संगाला बसतो आपण. देवासमोर काय लपवायचं?" सगळ्यांनी हात जोडलेले इमोजी टाकले आणि नियम झाला.

पुढच्या रविवारी एका मुलीचा चौकोन काळा होता. त्यानंतरच्या रविवारी ती आलीच नाही. मी फोन केला, तर म्हणाली, "ताई, मी पीजीत राहते. एका खोलीत तिघी. माझ्या मागेच एकीचा पलंग आहे. ती नाइट शिफ्ट करून येते आणि त्या वेळी झोपलेली असते. तिला मी तीस लोकांना कशी दाखवू?"

बरोबरच होतं तिचं. तिची खोली तिच्या एकटीची नव्हती, मग ती उघडी करण्याचा हक्क तरी तिच्या एकटीचा कसा असेल? मुंबई-पुण्यात आपल्यापैकी किती जणांची हीच गत आहे! दहा बाय बाराच्या खोलीत मागे आजी अंथरुणाला खिळलेली असते. कुणाच्या मागे बहीण अभ्यास करत असते, कुणाच्या मागे दोरीवर घरातल्या सगळ्यांचे कपडे वाळत असतात. कोरी पांढरी भिंत मागे असणं हीसुद्धा एक श्रीमंतीच आहे, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही.

मी काकांना फोन केला. म्हटलं, "काका, देवासमोर कुणीच काही लपवत नाहीये. त्याला पीजीची खोली दिसतेच. प्रश्न तीस जणांचा आहे." काका क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "पण अगं, आज भिंत लपवली, उद्या अजून काही लपवतील. खोटेपणाची सवय अशीच लागते." त्यांचं हे म्हणणं मी झटकून टाकलं नाही. पोथी उघडून बसले.

तेराव्या अध्यायात माउलींनी या एकेका लक्षणावर सावकाश, दृष्टान्तांवर दृष्टान्त देत लिहिलंय. अदंभाशी आल्यावर मी चकित झाले, कारण तिथे जिकडे तिकडे झाकणंच आहे! लाथाळ गाय पान्हा चोरते. रानात अडकलेला धनवान आपण धनवान आहोत हे लपवतो. शेतकरी पेरलेलं बी मातीखाली झाकून टाकतो. दंभ नसलेला माणूस आपलं दानपुण्य असंच झाकतो, असं माउली सांगतात. म्हणजे ज्या गुणाच्या नावाने आम्ही ब्लर बंद केला, तो गुण समजावताना ज्ञानोबांना पांघरूण घालण्याचीच उदाहरणं सुचली.

इथे कुणी अडवेल की माउली पुण्य झाकण्याबद्दल बोलतायत, पसाऱ्याबद्दल नाही. खरं आहे. या ओव्या काही ब्लरचा परवाना नाहीत. पण एक गोष्ट त्यातून मला नक्की कळली: झाकणं आणि दंभ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दंभाला प्रेक्षक लागतो. कुणीतरी बघावं आणि "वा!" म्हणावं, यासाठी तो असतो. धूसर भिंतीला कोण वा म्हणणार? तिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही, आणि तेच तर हवं असतं.

शिवाय ही सोय मुळात आली कशी तेही ऐका. मायक्रोसॉफ्टमधल्या स्वेता मचनवज्झला या इंजिनिअर जन्मापासून बधिर आहेत. समोरच्याचे ओठ वाचून त्या बोलणं समजून घेतात. आईवडिलांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना मागच्या उजेडामुळे त्यांना चेहऱ्यावर लक्ष ठेवणं जड जायचं. मागचं सगळं धूसर करून टाकलं तर? ही कल्पना घेऊन त्यांनी सहकाऱ्यांबरोबर काम केलं, आणि २०१८ साली मायक्रोसॉफ्टच्या टीम्सवर ब्लर आला. म्हणजे या गोष्टीच्या मुळाशी लपवाछपवी नाही, समोरच्या माणसाकडे नीट बघता यावं ही धडपड आहे. मला तर हे वाचून धारणेची आठवण झाली. बाकीचं मिटतं आणि एकच काहीतरी स्पष्ट उरतं. (फार ताणत नाही, पण झाली खरी.)

हे मी काकांना सांगितलं. पूर्ण पटलं असं नाही म्हणणार मी, पण त्यांनी स्वतःच ग्रुपवर लिहिलं, "ज्याला जसं सोयीचं तसं बसावं." ती मुलगी परत आली. तिने ओवी दाखवायला पोथी कॅमेऱ्यासमोर धरली, तर पोथीच धूसर! असं होतंच. प्रत्येक क्षणी सॉफ्टवेअर अंदाज बांधत असतं की चित्रातला हा भाग माणसाचा की मागचा, आणि हातात धरलेली वस्तू पुष्कळदा त्याला मागची वाटते. एकादशीला आमच्यातल्या एकीने नीरांजन ओवाळलं तेव्हा पडद्यावर तिचा हात गोल गोल फिरत होता आणि नीरांजनाचा पत्ता नव्हता. काका सगळ्यात जास्त हसले.

पण मग चित्रांचं काय? मागे इंद्रायणीचा घाट लावणारे आमच्यात आहेत. एक दादा तर विठ्ठलाच्या गाभाऱ्याचा फोटो लावून अगदी पांडुरंगाच्या खांद्याशी बसतात. यात मला दंभ दिसत नाही, कारण कुणीच फसत नाही. जत्रेतल्या फोटोवाल्याकडे ताजमहालाच्या पडद्यापुढे उभं राहून आपल्या आजी-आजोबांनी फोटो काढलेच की. ते आग्र्याला जाऊन आले असं कुणालाही वाटलं नाही, त्यांनाही वाटवायचं नव्हतं. आता समजा मुलाखतीला बसलाय आणि मागे पुस्तकांनी भरलेलं कपाट लावलंय, इतकं खरं वाटणारं की समोरच्याने म्हणावं, "बरंच वाचन दिसतंय तुमचं." आणि तुम्ही नुसते हसता. दंभ शिरतो तो त्या हसण्यात. चित्र बिचारं निमित्त. आणि लोणावळ्यात बसून "घरूनच काम करतोय" असं साहेबांना सांगणं तर सरळ खोटं आहे. मागे ब्लर असो, चित्र असो की काहीच नसो, त्यात बदल होत नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे, आणि ती कुठल्याच इफेक्टने पकडता येत नाही. मागे खरंखुरं देवघर आहे. समई खरी, फुलं खरी, ज्ञानेश्वरीची लाल कापडात बांधलेली पोथीही खरी. फक्त लॅपटॉप अशा कोनात ठेवलाय की हे सगळं बरोबर चौकटीत यावं. चित्रात एक कणही खोटा नाही, आणि तरीही माउली ज्याला दंभ म्हणतात त्याच्या हे त्या पीजीतल्या धूसर भिंतीपेक्षा कितीतरी जवळ जाऊ शकतं. 'शकतं' म्हणतेय, कारण दुसऱ्याच्या देवघराचा कोन बघून त्याचं मन ठरवणं हा आणखी एक रोग आहे. माझ्यापुरतं सांगते: माझं देवघर कॉलच्या वेळी कॅमेऱ्याच्या मागे येतं. मला समोर दिसतं, बाकी कुणाला नाही. मला ते बरं वाटतं.

एक बाजू राहिली, लाजेची. मैत्रिणीचा कॉल सुरू असतो, मागून आई गाऊनवर, हातात दुधाचं पातेलं घेऊन जाते, आणि आपण फाडकन ब्लरचं बटण दाबतो. आईला तसं दिसायचं नसेल म्हणून दाबलं तर ती तिची काळजी झाली. आपल्याला ती तशी दिसायला नको असेल, तर तो प्रश्न मात्र बसून विचार करण्यासारखा आहे. बटण दोन्ही वेळा तेच असतं, त्यामुळे बाहेरच्याला कधीच कळणार नाही. आपल्याला कळतं. पुंडलिकाच्या दारी प्रत्यक्ष देव आला, तेव्हा तो घर आवरायला धावला असं काही आपल्या कथेत नाही. तो आईवडिलांची सेवा करत राहिला आणि देवाला उभं राहायला वीट दिली.

काकांना हवं होतं ते खरं तर आर्जव, आतबाहेर सरळ असणं. तेही याच श्लोकात आहे. पण क्रम बघा: अमानित्व, अदंभित्व, मग अहिंसा, मग क्षमा, आणि त्यानंतर आर्जव. क्रमाला मी उगाच अर्थ चिकटवणार नाही. पण दुसऱ्याकडून सरळपणा मागताना वाटेत अहिंसा लागते, आणि त्या मुलीच्या काळ्या चौकोनाकडे बघताना मला ती फार जाणवली.

अहिंसेपाशी माउली बराच वेळ थांबलेत, बऱ्याच ओव्या आहेत. उद्यापासून त्या घेऊ, एका दिवसात होणार नाहीत.

राम कृष्ण हरी.