अरण्याच्या वेशीवरील देणे

सातपुड्याच्या दक्षिण अंगाला, बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्यात पसरलेल्या अंबाबरवा अभयारण्यात शिरावयाचे तर वाहनामागे शुल्क भरून परवाना घ्यावा लागतो, आणि हा दर वाढवावा की काय, असा प्रश्न निघाला म्हणजे त्याची चर्चा बहुधा ऐपतीपाशीच संपते. वस्तुतः त्याच्या अगोदरचा प्रश्न असा की, जे सरकारने निर्माण केले नाही त्याच्या दर्शनाचे मोल मागण्याचा अधिकार सरकारास कोठून प्राप्त झाला?

याच जिल्ह्यात शेगावी गजानन महाराजांच्या दर्शनास दाम पडत नाही, दानपेटीत जो टाकतो तो स्वेच्छेने टाकतो, मग वनदेवतेच्या दारीच जकात का, हा युक्तिवाद ऐकावयास गोड असला तरी मला मान्य नाही. कारण गाभाऱ्यासमोरून सहस्र माणसे गेल्याने देवाचे काही उणे होत नाही, परंतु रानात शिरणारी प्रत्येक मोटार आपल्या धुराने आणि घरघरीने तेथील जीवांचे काही ना काही हिरावून घेतेच. गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत आपल्या शास्त्रकारांनी भूतयज्ञ घातला आणि स्वतः जेवण्यापूर्वी मुक्या जीवांचा भाग वेगळा काढावयास सांगितले, तो उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून. प्रवेशशुल्क हे मला त्या भूतबलीचेच राजशासनाने नेमून दिलेले रूप वाटते.

मात्र बली ज्याच्या नावाने काढला त्याच्याच मुखी पडावयास हवा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००६ साली झालेल्या दुरुस्तीने व्याघ्र प्रकल्पांसाठी स्वतंत्र प्रतिष्ठाने निघाली व पर्यटनाचा पैसा खजिन्याच्या सागरात बुडण्याऐवजी वनासाठीच राखता येऊ लागला. अंबाबरवा मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडते, तेव्हा हा पालट त्यासही लागू आहे. रुपया तोच, पण वही बदलताच महसुलाचे अर्पण झाले.

त्याच कायद्याच्या २७ व्या कलमाने हमरस्त्यावरून नुसते पलीकडे जाणाऱ्यास परवान्यातून मोकळे ठेवले आहे. बुलढाण्याहून बोथ्याच्या घाटाने खामगावास निघालेला उतारू ज्ञानगंगा अभयारण्य ओलांडतो आणि निःशुल्क सुटतो. पाहण्याची वासना धरून आला तोच ऋणको. निष्काम कर्माचा इतका चोख दाखला कायदेपंडितांच्या हातून अभावितपणेच उतरला असावा! परंतु हेतूची शुद्धता कर्त्याला मुक्त करीत असेल, सोसणाऱ्याला ती काय कामाची? २०१९ साली यवतमाळकडील टिपेश्वरहून निघालेला, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला वाघ १३०० किलोमीटरांहून अधिक चाल करून ज्ञानगंगेत येऊन पोहोचला. फाटकातून शिरलेली मोटार आणि घाटातून निघून गेलेली मोटार यांतला भेद त्याला कोणी समजावून द्यावा?

म्हणून दर चढवावयाचाच असेल तर प्रथम घाटातून धावणाऱ्या मोटारींकडे वळावे, आणि अंबाबरव्याच्या रानातली घरेदारे सोडून बाहेर वसलेल्या आदिवासी कुटुंबांपैकी कोणी आपले जुने गावठाण पाहावयास आले, तर त्याच्या गाडीची पावती फाडू नये. त्यांचा भरणा कधीच झालेला आहे.