वाट हेही तीर्थच



तीर्थक्षेत्री पोहोचणे म्हणजेच तीर्थयात्रा, असा आपला सर्वसाधारण समज असतो. वस्तुतः ‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ नदी पार करण्याचा उतार असा आहे. शब्दातच चालणे अभिप्रेत आहे. मग आज वाहन थेट देवळाच्या पायरीशी जात असताना पायी जाण्यास काही अर्थ उरला आहे काय? आणि वाटेप्रती आपले काही कर्तव्य आहे काय?

मालवणच्या किनाऱ्यावरून आंबोलीकडे पायी निघालेल्या यात्रेकरूस माडांच्या बागा मागे पडताच जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे लागतात. उन्हाळ्यात ते ओसाड भासतात. परंतु पावसाळ्यात त्यांवर रानफुले बहरतात आणि कातळात मुरलेले पाणी पायथ्याच्या वाड्यांतील विहिरींना मिळते. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावर प्राचीन मानवाने कोरलेली कातळशिल्पे आहेत. 2022 साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचा समावेश झाला. वाहनातून जो केवळ रिकामा माळ दिसतो, तो पायी चालणाऱ्यास असा भरलेला आढळतो.

पुढे दाट अरण्यातून घाट चढून सुमारे 690 मीटर उंचीवरील आंबोलीस पोहोचावे. तेथे श्रीमहादेवाच्या मंदिराजवळील गुहेतून हिरण्यकेशी उगम पावते. पश्चिमेचा समुद्र इतका जवळ असूनही ती पूर्वेस वळते आणि घटप्रभा व कृष्णा यांच्या संगतीने दूरच्या बंगालच्या उपसागरास मिळते. जणू लांबची वाट हाच तिचा धर्म! येथील कुंडात सापडलेल्या माशाच्या नव्या जातीस 2020 साली ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळाले, आणि 2021 साली महाराष्ट्र शासनाने या स्थानास जैवविविधता वारसा स्थळ घोषित केले. देवाचे म्हणून जपलेल्या जळात एक दुर्मीळ जीवही सुखरूप राहिला. पावित्र्य गाभाऱ्याच्या उंबरठ्याशी संपत नाही, याची ही साक्ष होय.

वृद्ध, आजारी, लेकुरवाळ्या माता यांनी वाहनाने येण्यात काहीही उणेपणा नाही. ईश्वर पावले मोजत नाही. उलट, पायी येऊन वाटेवर प्लास्टिक टाकणाऱ्याचे श्रम व्यर्थच होत. परंतु सर्वांच्या सोयीसाठी वाटच नाहीशी करावी काय? सड्यावर वाहनतळ आणि देवराई तोडून सभामंडप उभारल्यास आपण देवालाच त्याच्या घरातून बाहेर काढतो.

देणगीदारांनीही याचा विचार करावा. मंडपाच्या फरशीवर नाव कोरता येते. न तोडलेल्या झाडावर, न बुजवलेल्या झऱ्यावर ते कोरता येत नाही. तरीही तेही दानच आहे, आणि निनावी असल्याने कदाचित अधिक निर्मळ.

ज्यांना शक्य आहे त्यांनी निदान अखेरचा टप्पा पायी चालावा, आणि आपल्या मागून येणाऱ्यास वाट तशीच लाभावी, एवढी काळजी घ्यावी. ही सद्बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.