मेंदूचे दार आणि संमती

आमच्या म्हैसूरच्या पारंपरिक चित्रांत देवतेच्या अलंकारांवर सोन्याचा वर्ख चढवतात. तेच सोने अतिसूक्ष्म केले की पाण्यात माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये त्याचा अभ्यास मांडला. असे कण प्रकाश शोषतात आणि आता त्यांच्याकडून वेगळेच काम करून घेतले जात आहे.

मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात, की विषाबरोबर बहुतेक औषधेही बाहेरच राहतात. डॅलस येथील टेक्सास विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांमध्ये या भिंतीला चिकटणारे सोन्याचे कण सोडले आणि त्यांवर लेसरचा क्षणिक झोत टाकला. तेवढ्या जागी सांधे सैल झाले, रेणू आत गेले आणि काही तासांत दार पुन्हा मिटले. माणसाच्या जाड कवटीतून प्रकाश फार खोल जात नाही, त्यामुळे हा उपचार अजून दूर आहे. विचार करायला मात्र हीच वेळ बरी.

या वाटेने गाठीवरचे औषध गेले तर कोणाची तक्रार नसेल. पण त्याच वाटेने राग, भीती, हट्ट शमवणारे रेणूही जाऊ शकतील. पायावर उपचार करायचे तर मन परवानगी देते. इथे परवानगी देणारे मनच बदलायचे आहे.

आम्हा वाणिज्य शाखेच्या मुलांना १८७२ चा करार कायदा घोकावा लागतो. त्याच्या १२व्या कलमानुसार, एरवी ज्याचे चित्त ठिकाणावर नसते तो माणूसही, ते ठिकाणावर असताना करार करू शकतो. या रुक्ष वाक्यात मला करुणा दिसते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने पुढे आपल्यावर कोणते उपचार करावेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याची सोय केली. मनोविकारासाठी मेंदूवर शस्त्रक्रिया करायची तर रुग्णाची स्वतःची संमती आणि मंडळाची मंजुरी, दोन्ही लागतात. प्रकाशाला सुरी लागत नाही. उद्या त्याला कोणी शस्त्रक्रिया म्हणणारच नाही, ही माझी खरी काळजी आहे.

कोणी म्हणेल, साधनेनेही चित्त बदलतेच ना? बदलते. पण ध्यानाला बसलेला माणूस हवे तेव्हा उठू शकतो (आणि पुष्कळदा उठतोही!). आत गेलेला रेणू त्याच्या सांगण्यावरून मागे फिरत नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या, रात्र रात्र ओरडणाऱ्या आजोबांना शांत करा, असे म्हणणारी मुले तेव्हाही असतील आणि त्यांचा थकवा खराच असेल. आजोबांनी पूर्वी काही लिहून ठेवले आहे का, हे आधी पाहावे. नसेल, तर दिवसातल्या ज्या घडीला ते नातवाला नावाने हाक मारतात, त्या घडीला शेजारी बसून त्यांनाच विचारावे.