अनुपस्थित शेजारी

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीला लागून चार मजली इमारत उठणार असे कळले, तेव्हा हरकतीच्या अर्जावर मीही सही केली होती. अर्जात पाण्याचे कारण लिहिले होते, आणि विहिरींचे पाणी खरोखरच खाली गेले होते. परंतु सही करताना माझ्या मनात पाण्याहून अधिक, तिथे कोण राहावयास येणार हीच शंका होती.

त्या अर्जाची आठवण झाली ती अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या एका कायद्याविषयी वाचताना. १९६९ साली सांता बार्बराच्या समुद्रात तेलविहिरीतून गळती होऊन किनारे काळवंडले. पुढच्याच वर्षी गव्हर्नर रोनाल्ड रेगन ह्यांच्या सहीने राज्याचा पर्यावरण गुणवत्ता कायदा झाला. सरकारी परवानगी लागणाऱ्या खाजगी बांधकामांनाही तो लागू आहे, असा निर्णय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली दिला. ह्या कायद्याचा विशेष असा की तो सहसा सरळ मनाई करीत नाही. परिणाम आधी तपासा, पर्याय मांडा, अहवालाचा मसुदा लोकांपुढे ठेवा, त्यांच्या आक्षेपांना लेखी उत्तर द्या, असे तो सांगतो. हानी अटळ असूनही प्रकल्प करायचाच असेल, तर कोणत्या मोठ्या हितासाठी, हे अधिकाऱ्यांना लिहून द्यावे लागते. पापनिवेदनापूर्वीच्या आत्मपरीक्षणाची आठवण व्हावी अशी ही रीत आहे.

तिचे फळही मिळाले. लॉस एंजेलिस बंदरातील एका नव्या धक्क्याची पुरेशी तपासणी झाली नाही म्हणून शेजारच्या वस्त्यांतील रहिवासी व पर्यावरण संस्था न्यायालयात गेल्या. २००३ साली तडजोड झाली आणि पुढच्या वर्षी सुरू झालेल्या त्या धक्क्यावर जहाजांना डिझेल न जाळता किनाऱ्यावरील वीज घेण्याची सोय झाली. धूर ज्यांच्या फुप्फुसांत जात होता त्यांना बोलता आले, म्हणून हे घडले.

मात्र तीच जीभ दुसरेही बोलते. बर्कली येथील पीपल्स पार्कच्या जागेवर विद्यापीठाने सुमारे ११०० विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह योजले होते; बेघरांसाठीही तिथे घरे होणार होती. विरोधकांनी दावा लावला. विद्यार्थ्यांचा गोंगाट हासुद्धा पर्यावरणावरील परिणाम असून त्याचा विचार व्हावयास हवा होता, असे २०२३ साली अपील न्यायालयाने म्हटले. म्हणजे माणसाचा आवाज कारखान्याच्या धुराच्या पंक्तीला जाऊन बसला! त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठाच्या बाजूने निकाल दिला.

एका शास्त्र्याने प्रभूला शेजारी कोणास म्हणावे असे विचारले होते. सुनावणीचा कोणताही कायदा ह्या प्रश्नाचे अर्धेच उत्तर देतो. आज जो तिथे राहतो त्याला तो शेजारी मानतो. उद्या जो येणार, त्याला ना पत्ता असतो, ना वकील. आपल्याकडे १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी बंधनकारक झाली. तिथेही हेच.

मग सुनावणीच नको काय? जून २०२५ मध्ये कॅलिफोर्नियाने शहरांतील बांधलेल्या भागांत होणाऱ्या बहुतेक घरबांधणीला, काही अटींवर, ह्या तपासणीतून सूट दिली. ते मला योग्य वाटते. परंतु त्याच वेळी औद्योगिक जमिनीवरील काही प्रगत कारखान्यांनाही सूट मिळाली, आणि इथे माझे मन अडते. घर आणि कारखाना ह्यांना एकाच मापाने कसे मोजावे? दार उघडताना खिडकीही काढून नेण्यासारखे हे झाले. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ ह्या विश्वपत्रात, अशी तपासणी योजना ठरल्यावर नव्हे तर आरंभीच, दबावाविना व्हावी आणि स्थानिकांना चर्चेत विशेष स्थान असावे असे सुचविले आहे. हे स्थान गमावणे गरिबांना परवडणारे नाही. पण त्या स्थानावर बसून आपण कोणाविरुद्ध बोलतो आहोत, हे कोणताही अहवाल तपासू शकत नाही.

आमच्या अर्जाचे पुढे काही झाले नाही. इमारत उभी राहिली. विहिरींचे पाणी आणखी खाली गेले, हेही खरे. तिथला एक मुलगा आता रविवारी मिस्साला आमच्याच बाकावर बसतो. त्या अर्जाविषयी मी त्याला अजून सांगितलेले नाही.