छळ ओळखण्याची कसोटी

कौटुंबिक छळ अंगावरच्या वळांवरून ओळखण्याची समाजाची सवय जुनी आहे, आणि म्हणूनच ज्या छळाचा वळ उठत नाही तो वर्षानुवर्षे ‘त्यांच्या घरचा मामला’ म्हणून सोडून दिला जातो. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियमाने, म्हणजे २००५ च्या कायद्याने, ही सवय मोडीत काढली. मारहाणीबरोबरच लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक छळालाही त्याने हिंसा मानले. मूल किंवा मुलगा होत नाही म्हणून केलेली हेटाळणी त्याने शाब्दिक छळात धरली, तर घरखर्च रोखणे आणि स्त्रीधन परस्पर विकणे आर्थिक छळात. कायद्याने जे ओळखले ते गावाने अद्याप पुरते ओळखलेले नाही.

पुणे जिल्ह्यातील भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या डोंगरी तालुक्यांत ही उणीव अधिक जाचते. भाटघर आणि पानशेतच्या जलाशयांमागे वाड्यावस्त्या विखुरलेल्या आहेत. अनेक घरांतील पुरुष पुण्या-मुंबईत कामाला, तर बाई भातखाचरे, गुरे आणि म्हातारी माणसे सांभाळत गावी, अशी संसाराची घडी येथे पिढ्यांपासून आहे. अशा घरात छळायला नवरा समोर असावाच लागत नाही: पैसे पाठवणे थांबवले, माहेरी जायला मनाई केली, ती कोणाशी बोलते यावर घरच्यांकरवी पाळत ठेवली, की ती जागच्या जागी जखडली जाते, आणि तालुक्याच्या गावी जायला एसटीभाडेही हाती नसल्याने तक्रारीची वाटच उरत नाही.

आर्थिक छळाचे दुसरे रूप जमिनीशी निगडित आहे. २००५ मध्येच हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती होऊन वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. पण पुण्याच्या शेजारामुळे येथील जमिनीला भाव आला, तसा हक्कसोडपत्रावरील बहिणीच्या सहीलाही आला. स्वखुशीने हिस्सा सोडणे हा तिचा अधिकार आहे. मात्र ‘सही केली नाहीस तर माहेर तुटले’ असे बजावून घेतलेली सही ही संमती नव्हे, तिथे भावनिक दडपण आणि आर्थिक वंचना एकत्र येतात. एकत्र राहिलेल्या रक्ताच्या नात्यांनाही कायदा कौटुंबिक संबंध मानतो, त्यामुळे असा छळ केवळ सासरीच होतो हा समजही टिकत नाही.

मग प्रत्येक भांडणाला छळ म्हणायचे काय, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे. भांडणात दोघांनाही बोलता येते, नकार देता येतो आणि दुसऱ्या दिवशी पूर्ववत वागता येते. छळात एकाच्या भीतीवर दुसऱ्याची सत्ता उभी राहते आणि ती सत्ता टिकवण्यासाठी तोच प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. म्हणून एखादी घटना किती भयंकर होती एवढेच पाहून भागत नाही. त्या बाईला पैसा, माणसे, हिंडणे-फिरणे आणि स्वतःचे शरीर यांबाबत निर्णय घेण्याची किती मोकळीक उरली आहे, हे पाहावे लागते.

ही पारख सर्वांत आधी करू शकतात त्या दारोदार जाणाऱ्या आशा, अंगणवाडी सेविका आणि शेजारणी. छळ होत असल्याची माहिती कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला, म्हणजे पीडितेला दंडाधिकाऱ्यांपर्यंत पोहोचण्यास साहाय्य करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, देऊ शकतो, आणि सद्भावनेने ती देणाऱ्यावर दायित्व येत नाही. तेव्हा शेजाऱ्याचे मौन ही कायद्याने लादलेली मर्यादा नाही. ती गावाने केलेली निवड आहे, आणि ती बदलणेही गावाच्याच हाती आहे.