नाकाचं कर्ज

मराठी माणसाचं सगळं चारित्र्य नाकाच्या आधाराने चालतं. सालस माणूस नाकासमोर चालतो, आगाऊ माणूस दुसऱ्याच्या कामात नाक खुपसतो, दीडशहाणा नाकाने कांदे सोलतो, महिनाअखेर आली की आमच्यासारख्यांच्या नाकी नऊ येतात आणि पोरगा नापास झाला की बापाचं नाक कापलं जातं. एवढा मान ज्या अवयवाला, त्याच्याकडून आम्ही प्रत्यक्षात काम किती घेतो? दूध नासलंय का आणि शेजारी आज बोंबील आहेत का, या दोन चौकशा झाल्या की आमच्या नाकाचा दिवस संपला. बाकीचा वेळ ते चष्मा सांभाळतं.

अशा घरात, ज्याला नाकाशिवाय दुसरं आयुष्यच नाही असा कुत्रा आणावा की नाही, हा प्रश्न गेले तीन महिने चर्चेला आहे. कुत्र्याची जात बीगल. सूचना मांडणार चिरंजीव, इयत्ता आठवी. अनुमोदन कुणाचंच नाही. विरोध सौभाग्यवतींचा. आणि मी, बँकेतल्या सवयीप्रमाणे, 'बघू, कागद वर पाठवू' म्हणत वेळ काढणारा. चिरंजीवांनी वाचनालयातून आणलेल्या पुस्तकात प्रश्न छापला होता, 'हा कुत्रा तुमच्या जीवनशैलीला शोभेल का?' तो वाचून आमची ही म्हणाली, "आपल्याकडे शैली कुठाय? आपल्याकडे वेळापत्रक आहे."

आधी हा प्राणी समजून घेऊ. शिकारी कुत्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो मुधोळचा किंवा आपल्याकडचा कारवानी. पोट पाठीला लागलेलं, पाय लांबलचक, आणि चेहरा संस्थान खालसा झालेल्या राजासारखा. मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी त्याला जोपासलं आणि २००५ साली तो टपालाच्या तिकिटावरही आला. पण तो डोळ्याने शिकार करणारा. ससा दिसला की धावतो, दिसेनासा झाला की थांबतो. बीगलचं तसं नाही. तो इंग्लंडात सशांच्या मागावर सोडण्यासाठी वाढवलेला, नाकाने शिकार करणारा. ससा समोर दिसण्याची त्याला गरजच नाही. मघाशी इथून गेला, एवढं कळलं की पुरे. उंची जेमतेम तेरा ते सोळा इंच, कारण मागून शिकारी घोड्यावरून नव्हे, पायी यायचे. शेपटीचं टोक पांढरं, म्हणजे गवतात बुडालेला कुत्रा मागच्या माणसाला दिसावा. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख आणि याच्या नाकात वीस कोटींच्या वर, असा ढोबळ हिशेब सांगतात.

थोडक्यात, हा कुत्रा माणसाने मापं देऊन शिवून घेतल्यासारखा आहे. मागणीत चार कलमं होती. नाक असं हवं की लागलेला माग सुटता कामा नये. चाल अशी हवी की दिवसभर दमता कामा नये. गळा असा हवा की दोन शेतांपलीकडे ऐकू यावा. आणि स्वभाव असा हवा की मोठ्या टोळीत भांडण न करता राहावा. चारही कलमं शिकाऱ्याला लाभली. आता हीच चार कलमं कल्याणच्या दोन खोल्यांत आणून ठेवा.

माग सुटत नाही, म्हणजे मैदानात दोरी सोडली की त्याला तुमची हाक ऐकू येत नाही. कान असतात, चांगले लोंबते असतात, पण नाक सुरू झालं की कान बंद. चाल दमत नाही, आणि आमच्याकडे पलंगापासून मोरीपर्यंत अकरा पावलं. टोळीत राहण्याचा स्वभाव, म्हणजे एकटं ठेवलं की विलाप. आमच्या घरी सकाळी साडेनऊ ते दुपारी अडीच कोणी नसतं. राहिला गळा. कुत्र्याच्या आवाजाबद्दल तक्रार असलेला आपल्याकडचा पहिला शेजारी म्हणजे एकलव्य. पांडवांचा शिकारी कुत्रा रानात भटकत त्याच्यापर्यंत पोचला आणि भुंकू लागला, तेव्हा त्याने सात बाणांनी त्याचं तोंड बंद केलं. आमच्या सोसायटीत एवढा नेमबाज कोणी नसल्यामुळे लोक लेखी अर्ज करतात. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, हे चिरंजीवांनी शोधून काढलंय. पण कायदा आपल्या बाजूने असणं वेगळं आणि रात्रभर जागलेल्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंसमोरून जिना उतरणं वेगळं.

मी बी.कॉम. आहे. तेव्हा शोभा बाजूला ठेवून आकड्यांकडे वळलो. कर्जाच्या अर्जावर आम्ही दोन गोष्टी बघतो : कर्ज कशासाठी, आणि परतफेडीची ऐपत काय. कर्ज घेणाऱ्याला शोभतं का, असं कोणी विचारत नाही. घेताना ते सगळ्यांनाच शोभतं. बीगल बारा ते पंधरा वर्षं जगतो. तेरा धरू. त्याला दिवसाचं दोन तास फिरणं हवं असं धरू. तेरा वर्षांचे झाले ९,४९० तास. दिवसाचे आठ तास आणि सुट्ट्या वजा करून ही पावणेपाच वर्षांची नोकरी झाली, आणि तीही बिनपगारी. हप्ता रोजचा, भर पावसातसुद्धा. मुदतवाढ नाही, तडजोड नाही. कर्ज मागणारे चिरंजीव, जे दोन वर्षांत दहावीला बसणार. जामीनदार मी, जो आठवड्याचे पाच दिवस जव्हारला. म्हणजे वसुली होणार ती हिच्याकडून. अशा प्रकरणात बँकेत बँक बुडते आणि घरात बाई.

धर्मराजाने कुत्र्याला टाकून स्वर्गात जायचं नाकारलं, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि डोळे पुसतो. पण त्याआधी हस्तिनापुरापासून हिमालयापर्यंत तो कुत्रा त्याच्याबरोबर चालत आला होता, हे कोणी लक्षात घेत नाही. एवढा फिरवलेला कुत्रा दुसरा झाला नसेल. स्वर्गाच्या दारात हट्ट धरण्याचा हक्क धर्मराजाने आधी पायांनी कमावला होता.

आता जव्हारचं. मुकणे राजांचं हे जुनं संस्थान, पूर्वी ठाणे जिल्ह्यात होतं, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. आमच्या शाखेतल्या शिपाईकाकांचं घर वांगणीकडे. वांगणी म्हटलं की कल्याणची मंडळी बदलापूरच्या पुढचं स्टेशन समजतात. ही ती नव्हे. या वांगणीला लोकल जात नाही. तर काकांना मी एकदा दुपारच्या डब्याच्या वेळी बीगलचा विषय सांगितला.

"केवढ्याला पडतो?" काका म्हणाले.

"पंचवीस-तीस हजार."

काकांनी भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "आणि करतो काय?"

"वास काढतो."

"कशाचा?"

"सशाचा."

"साहेब, कल्याणात ससे आहेत?"

"नाहीत."

"मग?"

तत्त्वज्ञानाची पुस्तकं मी वाचलेली नाहीत, पण त्या सगळ्यांचं सार या 'मग'मध्ये येत असावं.

काकांकडच्या पाड्यावर कुत्र्याला जातही नाही आणि दोरीही नाही. माणसाबरोबर शेतावर जातो, रात्री अंगणात पडतो, अनोळखी पाऊल वाजलं की उठतो. वारली चित्रांत शिकाऱ्याबरोबर धावणारे कुत्रे दिसतात, ते याचेच पूर्वज. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला लगाम घातला आणि कुत्रा राखणीवर आला. त्याच्या मोकळेपणाचं कौतुक करताना मी वाहवत जात नाही. बिबट्या त्याला अंगणातून उचलतो, आणि आडवाटेच्या पाड्यावर डॉक्टर, जनावरांचा काय नि माणसांचा काय, लांबच असतो. पण तो आपल्या धन्याला शोभतो का, असा प्रश्न तिथे कोणाला पडलेला नाही. दोघांचं काम एक आणि बहुतेक वेळा उपासही एकच.

उपास हा शब्द मी सहज लिहिला, पण वांगणीच्या बाबतीत तो सहज लिहिण्यासारखा नाही. 'वावर-वांगणी' हे जोडनाव महाराष्ट्राला १९९२-९३ साली कळलं. कुपोषणाने तिथली शंभरावर आदिवासी मुलं दगावली आणि ते नाव वर्तमानपत्रांतून घरोघर गेलं. मी तेव्हा शाळेत होतो. डब्यातली पोळी परत आणली की आई ते नाव घ्यायची. आता त्याच भागातल्या आजीबाई निराधार योजनेचे पैसे न्यायला माझ्या काउंटरवर येतात. त्यांना मोजून दिलेली रक्कम आणि कुत्र्याच्या पिशवीबंद खाण्यावर छापलेली किंमत यांची तुलना करायची नाही असं मी पुष्कळ ठरवलं. पण दोन आकडे शेजारी शेजारी उभे करणं हा माझा धंदाच आहे.

आता तुम्ही म्हणाल, झालं तर, आधी माणसं, मग कुत्री. निकाल लागला. मलाही तसं म्हणायला आवडलं असतं, कारण त्यात घरातलं भांडणही मिटतं आणि पुण्यही मिळतं. पण हिशेब खोटा आहे. कुत्रा न घेतल्याने वाचलेले पैसे आपोआप वांगणीला जात नाहीत, ते मोठ्या टीव्हीकडे जातात. एका खात्यात न खर्चलेली रक्कम दुसऱ्या खात्यात जमा व्हायला कोणीतरी स्लिप भरावी लागते. वांगणीचं देणं कुत्रा घेतला तरी आपल्यावर आहे आणि नाही घेतला तरी आहे. ती स्लिप भरायची की नाही, हे कुत्र्याला पुढे करून ठरवू नये.

कुत्र्याचं देणं वेगळं, आणि तेही खरं आहे. त्या 'मग'ला उत्तर द्यायचं तर असं द्यावं लागेल : काका, ससा गेला, शिकारी गेला, पण नाक राहिलं. ते नाक आपणच पिढ्यान् पिढ्या निवडून निवडून घडवलं. त्या नाकाला काम हवं असतं, आणि काम नसणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. दिवसअखेर रोकड दहा रुपयांनी जुळत नसली की आमची अख्खी शाखा मान खाली घालून मागावर निघते. चहा आठवत नाही, घर आठवत नाही, कोणी हाक मारली तर ऐकू येत नाही. तफावत सापडली की होणारा आनंद दहा रुपयांचा नसतो. समजा, मला कोणी रोज पोटभर जेवू घातलं, मऊ गादी दिली आणि जन्मभर एकही तफावत शोधू दिली नाही, तर मीही सोफा कुरतडीन.

या नाकाला माणसाने काम दिल्याचंही उदाहरण आहे. अमेरिकेत १९८४ साली लॉस एंजेलिसच्या विमानतळावर बीगलांना हिरवी बंडी घालून कामावर घेतलं. प्रवाशांच्या सामानात लपलेली फळं आणि मांस हुंगून काढायचं. आंबा त्यांच्या अभ्यासक्रमात आहे. मुलाकडे निघालेल्या कित्येक मराठी आईबापांच्या बॅगेजवळ हा शांतपणे येऊन बसला असेल. भुंकत नाही, नुसता बसतो, आणि बॅग उघडावी लागते. यांतले पुष्कळ कुत्रे प्राण्यांच्या निवाऱ्यांतून आणलेले, म्हणजे कुठल्या ना कुठल्या घराला नको झालेले. घरात जो अवगुण, तोच तिथे हुद्दा. दोष कुत्र्यात नव्हताच, पोस्टिंगमध्ये होता.

आणि दुसरं टोकही सांगायला हवं. औषधांच्या प्रयोगशाळांत कुत्र्यांवर प्रयोग होतात, त्यांत जास्तीत जास्त वापरली जाणारी जात बीगलच. का, तर चण लहान आणि त्रास दिला तरी सहसा चावायला येत नाही. चौथ्या कलमातला तो गुणी स्वभाव असा वसूल होतो. कचेरीत जो 'नाही' म्हणत नाही त्याच्याच टेबलावर फायली चढतात, तशातलाच हा प्रकार. पण फायलींनी जीव जात नाही.

तेव्हा पुस्तकातला प्रश्न मी उलटा करून घेतला. कुत्रा आम्हाला शोभेल का, हे विचारायचंच नाही. त्याच्या नाकाला, पायांना, गळ्याला आणि त्या भाबड्या स्वभावाला पुरेल असं आमच्यापाशी काय आहे? पैसे थोडे आहेत. मायाही आहे. वेळ नाही, आणि हे कर्ज वेळेतच फेडावं लागतं. गेल्या रविवारी मी रीतसर टिपण लिहून जेवणाच्या टेबलावर ठेवलं. 'अर्जदार : बीगल. नाक, चाल, गळा, स्वभाव : उत्तम. कुटुंबाची परतफेडीची ऐपत : अपुरी. शेरा : अर्जदार पात्र, घर अपात्र.'

चिरंजीवांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "बाबा, अपील कुठे करायचं?"

अपिलाची सोय असायलाच हवी, म्हणून मी अनामत मागितली. रोज पहाटे दोन तास, तीन महिने, कुत्र्याशिवाय फिरून दाखवायचं. आईला उठवायचं नाही. एक दिवस चुकला तर प्रकरण बंद.

ही हसली. आठवी इयत्तेतलं पोरगं पहाटे साडेपाचला उठत नाही, या भरवशावर मीही निर्धास्त होतो. आज पाचवा दिवस. खंड पडलेला नाही, आणि काल फोनवर ही सांगत होती की परवापासून तीही त्याच्याबरोबर जातेय, उठवलं नव्हतं तरी.