क्षेमवार्तेचे ऋण

परदेशी निघालेल्या माणसाच्या सामानात लोणचे, मेतकूट आणि कुरडया यांचे स्थान अद्याप अढळ आहे. परंतु त्यांच्याही अगोदर हल्ली एका नव्याच गोष्टीची तजवीज करावी लागते. विमानातून उतरल्याबरोबर मोबाईल व इंटरनेट चालू राहील कसे, ही ती गोष्ट. आपल्याच कंपनीची रोमिंगची सोय घ्यावी, तिकडे पासपोर्ट दाखवून तिकडचे सिमकार्ड विकत घ्यावे, की निघण्यापूर्वीच ई-सिम घेऊन ठेवावे, याचा खल घरोघरी लग्नाच्या याद्यांइतक्या गांभीर्याने चालतो. कोणता मार्ग स्वस्त, हा व्यवहाराचा प्रश्न आहे व तो ज्याचा त्याने सोडवावा. मला विचार करावयाचा आहे तो त्याच्या पोटात दडलेल्या नीतीच्या प्रश्नाचा. घर सोडून दूर गेलेल्या माणसाने मागे राहिलेल्यांच्या हाकेच्या टप्प्यात अहोरात्र राहिले पाहिजे, असे काही ऋण त्याच्यावर असते काय? आणि असल्यास ते कितपत?

रामटेकच्या रहिवाशाला हा प्रश्न जरा अधिक जाणवावा, हे साहजिक आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे आमचे रामटेकच, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी साधार मांडले. विद्वानांत त्याविषयी मतभेद असले तरी येथील माणसाला ते पटवून देण्याची गरज कधी पडली नाही. कुबेराच्या शापाने वर्षभराकरिता हद्दपार झालेला यक्ष येथे येऊन राहिला. शापाबरोबर त्याचा महिमाही हरपला होता. थोडी थट्टा करावयाची तर, त्याची सेवा खंडित झाली होती. आठ महिने असे गेले, चार उरले, आणि आषाढातला मेघ डोंगराला टेकलेला पाहून त्याने अलकेतील पत्नीसाठी त्याच्यापाशी निरोप दिला. धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा तो गोळा निरोप काय नेणार, ही शंका कवीने स्वतःच काढली आहे, आणि विरहाने व्याकुळ झालेल्याला सजीव-निर्जीवाचा विवेक उरत नाही, असे तिचे समाधानही केले आहे. निरोप खरोखर आपलाच आहे हे पत्नीला पटावे म्हणून यक्ष अखेरीस एक खूण सांगतो. त्या दोघांवाचून तिसऱ्याला ठाऊक नसलेली, एका रात्रीची लहानशी आठवण. बँकेचा ओटीपी यावा म्हणून भारतातले सिमकार्ड परदेशातही जपून चालू ठेवणाऱ्या प्रवाशाला ही अडचण परिचित आहे. फक्त त्याची खूण आकड्यांची असते आणि काही मिनिटांतच शिळी होते. मेघ मात्र उत्तर देत नाही. यक्ष त्याच्या मौनालाच होकार मानतो. चातकाला पाणी देतानाही तू बोलत नाहीस, असे म्हणून तो त्याला निरोप देतो.

मौनावर असे विसंबणे पुढेही फार काळ टिकले. अटलांटिकच्या तळातून १८६६ साली तार गेली व १८७० साली मुंबई समुद्रातील तारेने इंग्लंडशी जोडली गेली. त्यानंतर १८८३ च्या एप्रिलात आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. म्हणजे तारेचा मार्ग तेव्हा उघडा होता. तथापि गोपाळराव स्वतः अमेरिकेस जाईपर्यंत त्या उभयतांचा संसार चालला तो पत्रांवर, आणि पत्र समुद्रापार पोहोचावयास आठवडेच्या आठवडे लागत. रागाने लिहिलेले पत्र हाती पडेपर्यंत लिहिणाराचा राग बहुधा निवलेला असावयाचा, आणि वाचणारीला मात्र तो ताजाच सोसावा लागावयाचा. तार महाग, ती यावयाची ती दुखण्याची किंवा मरणाची. पुढे १९२७ साली खडकी आणि दौंड येथील केंद्रांतून इंग्लंडशी बिनतारी दळणवळण सुरू झाले तरी सामान्य घरात तारवाला दारात दिसला की बायका आधी डोळ्यांना पदर लावीत व मग तार वाचून घेत. काही कळले नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा तो हिशेब होता.

आज हा हिशेब नेमका उलटला आहे. काही कळले नाही म्हणजे काहीतरी बिघडले! निरोप येऊ शकतो, क्षणात येऊ शकतो, पुष्कळदा फुकट येऊ शकतो. म्हणून तो न येणे ही नुसती उणीव राहिली नाही, ती प्रवाशाची कृती ठरू लागली आहे. पूर्वी ‘पत्र आले नाही’ असे म्हणत, आता ‘त्याने कळवले नाही’ असे म्हणतात. कर्त्याचा हा फरक व्याकरणापुरता नाही.

कर्तव्य तेथे शक्यता असली पाहिजे, हे कांटच्या नावाने सांगितले जाणारे सूत्र तत्त्वज्ञानाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवतात. जे मला करताच येत नाही ते न केल्याचा दोष मला लागत नाही. यक्षाला आठ महिने कोणी बोल लावला नाही तो याच न्यायाने. परंतु आपण नकळत या सूत्राची उलटी बाजू खरी धरून चाललो आहो, की जे करता येते ते केलेच पाहिजे. असे निघत नाही. मला दर तासाला घरी बोलता येते, एवढ्यावरून दर तासाला बोलणे हे माझे कर्तव्य होत नाही. नाहीतर यंत्रांच्या प्रत्येक सुधारणेबरोबर माणसाच्या कर्तव्यांची यादी आपोआप लांबत जाईल, आणि ती लांबविण्याचा अधिकार यंत्रे विकणारांच्या हाती जाईल.

रोमिंगची रचनाच या बाबतीत मोठी बोलकी आहे. परक्या देशात मोबाईल उघडताच तेथील यंत्रणा आपल्या घरच्या कंपनीला विचारते की हा माणूस तुमचाच ना. तिने हो म्हटल्यावर पुढचे सारे. शिवाय अशा वेळी इंटरनेटची मागणी बहुधा आधी मायदेशी येते व तेथून जगात जाते. लंडनमध्ये बसून लंडनचेच वर्तमानपत्र उघडणाराची हाक भारतात येऊन परत लंडनला जाते! देह प्रवासाला गेला, मोबाईल घरीच राहिला, असे हे आहे. आणि काही प्रवाशांचे मनही याच वाटेने जाते. राइनच्या काठी उभे राहून त्यांचे लक्ष घरी आज वरणाला फोडणी कशाची दिली इकडे असते. अशांनी प्रवास केला असे म्हणावयास माझी जीभ रेटत नाही.

येथपर्यंत सर्व प्रवाशाच्या बाजूने झाले. पण मेघदूतात आपण ऐकतो तो यक्षाचा आवाज. अलकेत बसलेली ती आपल्याला दिसते ती त्याच्याच कल्पनेतून. प्रवाशाच्या मोकळेपणाची किंमत मागे राहिलेले माणूस देते, हे विसरून चालणार नाही. आमच्या शेजारच्या एका निवृत्त शिक्षकांची मुलगी शिकावयास जर्मनीला गेली. घेतलेली सेवा तेथे काही केल्या सुरू होईना, आणि एकोणीस तास तिचा निरोप आला नाही. आई अन्नाला शिवली नाही. विमान सुखरूप उतरल्याचे सगळे दाखले नवऱ्याने पुढे ठेवले, तरी तिचे समाधान झाले नाही. मुलगी मात्र पुढे मला म्हणाली की तो एकोणीस तासांचा काळ तिच्या साऱ्या प्रवासात सुखाचा होता. रस्ता चुकली, विचारीत विचारीत पोहोचली, आणि प्रथमच आपण कोठे आहो हे केवळ आपल्यालाच ठाऊक आहे असे तिला वाटले. या दोघींपैकी कोणाला खोटे ठरवावयाचे? २०२० च्या महामारीत ज्यांनी आपल्या वडिलांचे अखेरचे दर्शन परदेशातून मोबाईलवर घेतले, त्यांच्यापुढे तर मोकळेपणाची भाषा काढण्याचीही लाज वाटते.

मला वाटते, कालिदासाने पत्नीच्या वर्णनात एक धागा ठेवला आहे. ती उंबरठ्यावर फुले मांडून उरलेले महिने मोजते. तिला निरोप मिळालेला नाही, पण अवधी ठाऊक आहे. शाप कार्तिकात, विष्णू शेषशय्येवरून उठतील तेव्हा, संपावयाचा आहे. (आमच्या गडावरची त्रिपुरी पौर्णिमेची जत्रा त्यानंतर चारच दिवसांनी येते.) एकोणीस तासांत त्या आईला छळले ते अंतराने नव्हे, मोजता न येण्याने. निघणाराने ऋण फेडावयाचे ते या अवधीचे: अमुक वेळी कळवीन, त्याच्या आत गप्प असेन. तो शब्द पाळणे त्याचे काम, आणि मधली फुले मोजणे मागच्यांचे.

शेजाऱ्यांकडे हल्ली आमच्या घड्याळाप्रमाणे रात्री नऊची वेळ ठरली आहे, आणि ती मुलगी ती बिनचूक पाळते. पण मध्यंतरी आईला कोणीतरी सांगितले की मुलगी कोठे आहे हे मोबाईलच्या नकाशावर अष्टौप्रहर दिसू शकते, एक बटण तेवढे दाबावयाचे. मुलीने ते दाबावयास साफ नकार दिला आहे. वडील दोन्हीकडे मान डोलावतात. मी मुलीच्या बाजूचा आहे. पण तिच्या आईला ते सांगण्याची छाती मला अद्याप झालेली नाही.